एक नळी, तीन भाषा

आप्पा गेले त्या दिवशी मी दौंडला घरी होते. सकाळी फोन वाजला. नंबर त्यांचाच होता. मी उचलला आणि "जयभीम ताई" ऐकायची वाट पाहिली. पलीकडे त्यांची मुलगी होती. ती म्हणाली, "आत्या, आप्पा गेले." मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "पहाटे." तिने फोन ठेवला.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असं संपादक मला दोन वर्षांपासून म्हणत आहेत. मी टाळत आले. एक तर मी सावकाश लिहिते. दुसरं म्हणजे आमचं काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं असलं की ते आप्पा सांगत आणि मी शेजारी बसून चहा पीत असे. आता ते मलाच सांगावं लागणार आहे.

शिरूरला एका छोट्या कंपनीत आम्ही बरोबर काम केलं. खताच्या दुकानावर दोन खोल्या, दुपारी ऊन आलं की ज्याच्यावर टॉवेल टाकावा लागे असा एक कॉम्प्युटर, आणि भिंतभर आराखडे. नव्वदच्या दशकात रांजणगावला, कुरकुंभला कारखाने उभे राहत होते. यंत्रं ठिकठिकाणहून येत. ती एकमेकांशी नीट वागतील असं बघणं हे आमचं काम. त्यासाठी यंत्र बसवण्याआधी ते कसं वागणार हे कागदावर मांडावं लागतं. काय झालं की काय सुरू व्हायचं, काय बंद व्हायचं, कोणी कोणासाठी थांबायचं. अडचण एवढीच, की हे मांडायची एक भाषा नाही. प्रत्येक विद्येची वेगळी.

आप्पा हे तीन जावांवरून सांगत.

"समजा, एका चुलीवर तीन जावा हायेत. दूध तापवायचंय. थोरली म्हंती, आधी पातेलं, मग दूध, मग जाळ. एकामागं एक. मधली तसलं काय जाणत न्हाई. ती नुसती बघत ऱ्हाती. जाळ हाय का? पातेलं हाय का? उतू जातंय का? पुन्यांदा जाळ हाय का? दिवसभर तेच. धाकटी बसलीया पुस्तक वाचत. तिला हाक मारली तरच कळतं. हाक ऐकली तर उठंल, न्हाई ऐकली तर गेली. तिघी बी सुगरन. पन चूल एकच हाय, बघा."

थोरली म्हणजे मी. धुणं, तापवणं, गार करणं अशा प्रक्रियांच्या चौकटी मी एकीला एक जोडून काढत असे, साखळीसारख्या. मधली म्हणजे आप्पा. ते विजेचे इंजिनियर. मोटारी, पंप, व्हॉल्व्ह यांचा आराखडा ते शिडीसारखा काढत आणि यंत्र ती शिडी वरून खाली, पुन्हा वरून खाली अखंड वाचत राही. धाकटा म्हणजे नचिकेत. तो पुण्याहून यायचा, सगळ्यांवर देखरेख करणारा प्रोग्राम लिहायचा, आणि कागदावर गोल काढून त्यांना बाणांनी जोडायचा. काही घडलं की या गोलातून त्या गोलात. ज्या गोलात आपण आहोत तिथून त्या घटनेसाठी बाणच नसेल, तर ती घटना सोडून द्यायची, असा त्या भाषेचा नियम.

आप्पा मांडवगण फराट्याच्या पुढच्या एका वाडीचे. घरची शेती, घरची गुरं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर पुस्तकं बघून त्यांनी मला "मास्तरीणबाई" म्हणून टाकलं. पुढे एप्रिलात मी जयंतीची रजा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "मग जयभीम म्हनत जा की सकाळी. आम्हाला काय, तोंड हाय, आम्ही बी म्हनू." ती थट्टा होती. मग सवय झाली. मग नेम झाला.

एके वर्षी त्यांच्या वाडीतल्या दूध संस्थेने यंत्रावर चालणारी डेअरी घ्यायचं ठरवलं. संस्थेचे चेअरमन आप्पांचे थोरले भाऊ, दादा. सभेत बरीच भांडणं झाली. हाताने चालणारं काय वाईट आहे, असं जुन्या मंडळींचं म्हणणं होतं. शेवटी आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "मी हाय न्हवं? माझ्यावर सोडा." त्यांच्या या एका वाक्यावर ठराव झाला. ते वाक्य त्यांनी मला शिरूरला येऊन सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण समोरचा चहा तसाच गार झाला. गावात राहायचं, भावाच्या पंक्तीला बसायचं, तर हे यंत्र चालायलाच हवं होतं.

डेअरीचं काम सांगायला सोपं आहे. शेतकरी कॅन आणतात. दूध एका उघड्या टाकीत ओततात. टाकीतून ते एका नळीने गार करायच्या यंत्राकडे जातं. दूध नसतं तेव्हा त्याच टाकीतून, त्याच नळीतून जहाल कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि मग स्वच्छ पाणी फिरवून सगळं धुतात. म्हणजे नळी एक. कधी तिच्यात दूध, कधी सोडा. दोन्ही सोबत कधीही नाही. माझी साखळी धुलाई बघे, आप्पांची शिडी व्हॉल्व्ह आणि पंप, नचिकेतचे गोल सगळ्यांचा मेळ. प्रत्येकाने आपापलं तपासलं होतं. तिन्ही बरोबर होतं. हे मी आजही म्हणते.

त्या कामासाठी मी प्रथम आप्पांच्या घरी गेले. त्यांच्या आईंनी मला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मग त्या चुलीकडे वळल्या. चहा त्यांनी दिला. आप्पांना आणि मला एकसारख्या कपांत दिला, हेही मी पाहिलं. स्वतःचा कप घेऊन त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. परतीच्या वाटेवर आप्पा मोटारसायकल थांबवून म्हणाले, "ताई, आईला वेळ लागंल." मी म्हटलं, "मला घाई नाही."

उद्घाटनाच्या दिवशी मांडव होता, कर्णा होता, तालुक्याचे पाहुणे होते. सकाळी वीज गेल्यामुळे धुलाई उशिरा सुरू झाली होती. तरी आम्हाला काळजी नव्हती, कारण पाहुणे उशिराच येतात. पाहुणे वेळेआधी आले. ही गोष्ट तिघांच्याही आराखड्यात नव्हती.

आईंनी कॅनला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि घरच्या गाईचं दूध टाकीत ओतलं. टाळ्या झाल्या. दादांनी कळ दाबली.

काही झालं नाही.

दादांनी पुन्हा दाबली. "आप्पा, दाबली बरं का मी."

"दिसतंय दादा. दम धरा वाईच."

आप्पा आमच्याकडे आले. नचिकेत म्हणाला, "माझ्याकडे सगळं ठीक आहे. धुलाई संपल्याचा निरोप आला की मी पुढे जाईन." आप्पा म्हणाले, "माझं बी ठीक हाय. धुलाई संपल्याशिवाय मी व्हॉल्व्ह उघडत न्हाई." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या साखळीची शेवटची चौकट सुटत नव्हती. पॅनेलवर फक्त 'धुलाई चालू' असा तांबडा दिवा होता. चौकट का सुटत नाही ते दिवा सांगत नाही. ती सुटायला नळीतला सोडा पूर्ण जावा लागे, टाकीही रिकामी व्हावी लागे. माझ्या मनात फक्त सोडा आला. टाकीत दूध असणं ही अडचण असेल, असं कोणाच्याच डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यासाठी तर मांडव घातला होता.

कॅनची रांग फाटकाबाहेर गेली होती. ऊन चढत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "काय आप्पा, मशीनला पान्हा फुटंना व्हय?"

"वासरू लावून बघा की!"

मांडव हसला. पाहुणेही हसले. आप्पाही हसले, पण त्यांची मान लाल झाली होती.

पॅनेलला एक किल्ली होती. ती फिरवली की तिघांचेही आराखडे बाजूला पडून पंप सरळ चालू होई. किल्ली आप्पांच्या खिशात होती आणि हे दादांना ठाऊक होतं.

"आरं, फिरव की किल्ली! लोकं हसत्यात," दादा दबक्या आवाजात म्हणाले. "माझी नगं, तुझी तरी लाज राख."

आप्पांनी किल्ली काढली. मी म्हटलं, "आप्पा, नळीत सोडा राहिलाय की नाही, हे आपल्या तिघांपैकी कोणी सांगू शकतं का?"

नळीतलं पाणी काढून बघायची वाट धुलाई संपल्यावरच उघडत होती. आप्पांनी नचिकेतकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही." माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही." मग ते स्वतःशीच म्हणाले, "मला बी न्हाई सांगता येत."

किल्ली खिशात गेली. आप्पा कर्ण्यापाशी गेले.

"मंडळी, आज मशीन दूध घेनार न्हाई. तुमची चूक न्हाई, संस्थेची न्हाई. चूक आमची हाय. कॅन जीपमधी भरा, शिरूरला धाडू. जे नासंल ते माझं."

एवढं बोलून ते खाली उतरले आणि सगळ्यात पुढचा कॅन स्वतः उचलला. दादा मोटारसायकलला किक मारून निघून गेले. आप्पांकडे त्यांनी पाहिलं नाही.

मांडव रिकामा झाला. आम्ही तिघं टाकीपाशी बसून राहिलो. आईही होत्या. त्या म्हणाल्या, "माझं दूध तेवढं काढून द्या रं. देवाचं झालं. वासरांना पाजते."

टाकीतलं धुण्याचं पाणी दूध ओतायच्या आधीच नळीत गेलं होतं, शंका फक्त नळीची होती. आप्पांनी बादली लावली आणि टाकीखालची तोटी उघडली. दूध गेलं, हळदकुंकू गेलं, फूल तोटीशी अडकलं ते बोटाने काढलं. शेवटची धार बारीक झाली आणि पॅनेलमध्ये खट् असा आवाज आला. तांबडा दिवा गेला. हिरवा लागला.

नचिकेत उडी मारून उभा राहिला. "मी हात नाही लावला! आईशप्पथ, मी काही केलं नाही!"

आप्पा पालथ्या कॅनवर बसले. टाकीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"आईच्या दुधानं अडवलं व्हय आपल्याला?"

"माझ्या दुधानं काय केलं आता?" आई म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

झालं होतं ते असं. आईंनी दूध ओतलं तेव्हा धुलाई शेवटच्या पाण्यावर होती. टाकीत दूध, म्हणून माझी धुलाई संपेना. धुलाई संपेना, म्हणून आप्पांचा व्हॉल्व्ह दूध पुढे सोडेना. 'दूध आलं' ही हाक नचिकेतच्या प्रोग्रामला ऐन धुलाईत मिळाली. त्या गोलातून तिच्यासाठी बाण नव्हता, म्हणून त्याने ती नियमाप्रमाणे सोडून दिली. थोरली टाकी रिकामी व्हायची वाट बघत होती, मधली डोळ्यांत तेल घालून थोरलीकडे बघत होती, आणि धाकटीने हाक सोडून दिली होती. एकीचंही चुकलं नव्हतं. तिघींच्या मध्ये जे होतं ते कोणीच काढलं नव्हतं.

पुण्याच्या मुख्य कचेरीतून सल्ला आला की तीन भाषा ठेवूच नका, सगळं एका भाषेत पुन्हा काढा. नचिकेतने मन लावून काढलं. दोन टेबलं जोडून तो कागद पसरला. आप्पांनी तो उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला.

"झ्याक काढलंस लेका. ह्यात माझा पंप कुठाय?"

नचिकेतने दाखवला. तो चार ठिकाणी होता.

"आन् बिघडला तर मी बोट कुठं ठेवू?"

नचिकेत कागदावर बोट फिरवत राहिला. माझीही साखळी त्या कागदात तुकडे होऊन विखुरली होती. आप्पा म्हणाले, "मला वाचाय येत न्हाई त्या कागदावर मी सही करनार न्हाई. एकदा गावापुढं पडलोय. पुन्यांदा पडायचं तर माझ्या स्वतःच्या चुकीनं पडीन."

त्या दिवशी दौंडच्या एसटीत मला माझे वडील आठवले. अण्णा रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट देणारे. दौंडच्या पुढे मनमाड लाइनवरच्या एका लहान स्टेशनात त्यांची ड्यूटी असे आणि सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जात असे. तेव्हा ती लाइन एकेरी होती. जाणारी गाडी आणि येणारी गाडी, रूळ एकच. म्हणून एक लोखंडी गोळा असे. चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या कड्याला लावून तो धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला द्यायचा. ज्याच्याकडे गोळा, त्याचा रूळ. गोळा नाही तर गाडी नाही. ड्रायव्हर कुठकुठले असत, त्यांची बोली अण्णांना येत नसे. अण्णांचे नियम ड्रायव्हरला ठाऊक नसत, इंजिनातलं अण्णांना कळत नसे. कोणी कोणाचं काम शिकायला गेलं नाही. जिथे गाठ पडते तेवढ्या जागेचा नियम मात्र दोघांना पक्का ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना म्हटलं, "तीन भाषा राहू द्या. आपण फक्त सांधे लिहू."

म्हणजे काय, तर तिघांनी आपले आराखडे आपल्याच भाषेत ठेवायचे. चौथा एक कागद करायचा. एकाच्या आराखड्यातली कोणती घटना दुसऱ्याच्या कोणत्या घटनेला चिकटलेली आहे, एवढंच त्यावर लिहायचं. या दोन गोष्टी एकदमच घडल्या पाहिजेत. ही आधी, ती नंतर. या दोन कधीच सोबत नाहीत. आणि हाक मारणाऱ्याने ऐकल्याची पोच मिळेपर्यंत हाक सोडायची नाही. आप्पांनी तो कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि म्हणाले, "हे मला वाचाय येतंय." त्याला आम्ही सांधेपत्रक म्हणू लागलो.

ते खरं की खोटं हे टेबलावरच तपासायचं ठरलं. शिरूरच्या बाजारातून आप्पांनी एक लाल रबरी चेंडू आणला. चेंडू म्हणजे नळी. ज्याच्या हातात चेंडू, त्याची नळी. प्रत्येकाने आपला आराखडा पुढ्यात घ्यायचा आणि फक्त त्यात लिहिलंय तेवढंच मोठ्याने बोलायचं.

"धुलाई सुरू," मी म्हटलं. चेंडू माझ्याकडे आला.

"व्हॉल्व्ह बंद. बंद हाय. बंदच हाय," आप्पा म्हणाले.

"मी धुलाईच्या गोलात," नचिकेत म्हणाला.

एवढ्यात आप्पांनी गळ्यातला टॉवेल डोक्यावरून घेतला, चेहरा गंभीर केला आणि कपातला चहा बशीत ओतला.

"घ्या. आईनं दूध वतलं."

"आत्ता?" नचिकेत ओरडला. "आत्ता ओतायचं नसतं!"

"मग आईला सांग की जाऊन."

आम्ही इतके हसलो की खालचा खतवाला वर येऊन बघून गेला. पण त्या चहाच्या बशीने सांधेपत्रकातली एक मोठी फट दाखवून दिली. ओतणाऱ्या माणसाला आम्ही काहीच सांगत नव्हतो. मग टाकीच्या काठावरच एक दिवा लावायचं ठरलं. हिरवा असला तर ओता, तांबडा असला तर थांबा. आणि थांबलं नाही कोणी, तर ते दूध गटारात न जाता बाजूच्या कॅनमध्ये उतरेल आणि धुलाई आपली पुढे चालू राहील. देवाचं दूध गटारात जाणार नाही, हे वाक्य आप्पांनी सांधेपत्रकावर तसंच्या तसं लिहायला लावलं.

त्यानंतरच्या प्रत्येक कामात, तालमीला बसलं की पहिला प्रश्न असे, "आई कोण?" आई म्हणजे आपल्या कुठल्याच आराखड्यात नसलेलं, पण माणूस हमखास करील असं काहीतरी करणारा गडी. ते काम बहुधा आप्पाच घेत. टॉवेल डोक्यावर आला की आम्ही सावध होत असू.

हे सगळं चाललं होतं ते कित्येक आठवडे दादा आप्पांशी बोलत नव्हते. एका घरात राहून आधी जेवून उठत, शेतावर जात. आप्पा त्याबद्दल बोलत नसत. डब्यात भाकरी आणि ठेचा एवढंच आणू लागले होते. विचारलं तर म्हणत, "पंक्तीला बसलं की भाजी. एकट्याला काय करायची?"

डेअरी पुन्हा सुरू केली त्या दिवशी मांडव नव्हता, कर्णा नव्हता. दहाबारा माणसं आली होती. दादा फाटकापाशी उभे होते, आत येत नव्हते. आई कॅन घेऊन आल्या. आप्पांनी त्यांना दिव्याचं सांगितलं होतं.

"हा तांबडा हाय," आई म्हणाल्या आणि कॅन खाली ठेवला.

सगळे थांबले. धुलाईचं पाणी आत फिरत होतं. कोणी खोकलं, कोणी तंबाखू मळली. फाटकापासून दादांचा आवाज आला, "वत की आई. किती येळ?"

"गप ऱ्हा," आई म्हणाल्या. "तांबडा हाय."

दिवा हिरवा झाला. आईंनी दूध ओतलं. पंप लागला. नळी थरथरली आणि दूध गेलं.

दादा आत आले. टाकीत डोकावले, नळीवर हात ठेवून पाहिला. मग आप्पांकडे न बघता म्हणाले, "चल. भाकरी गार व्हतीया. मास्तरीणबाईंनाबी घे, आन् त्या पोराला."

त्या दिवशी आई जेवायला माझ्या शेजारी बसल्या. माझ्या ताटात त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढली तेव्हा आप्पांनी मान खाली घातली होती.

पुढे बरीच कामं केली. त्यातलं एकच सांगते. कुरकुंभच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात आप्पांनी "आई कोण होनार?" असं विचारलं, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "आमच्याकडे आई-बिई नाही. आमच्याकडे प्रोसिजर आहे." आप्पा म्हणाले, "साहेब, आई सगळ्यांकडं असती." साहेब स्वतःच आई व्हायला बसले, नापसंती दाखवायला. पहिल्याच फेरीत त्यांनी तक्ता बाजूला सारून एक पंप बंद केला. का, विचारलं. म्हणाले, "आवाज फार येतो, फोनवर ऐकू येत नाही. मी नेहमी करतो." मग साहेबच हसू लागले आणि जेवणाच्या सुट्टीत आप्पांना घरचं लोणचं दिलं.

आता असे प्रोग्राम आले आहेत की तिन्ही भाषा आत घालाव्या आणि ते सांधे जोडून देतात. नचिकेत पुण्यात तेच काम करतो आणि ते चांगलं चालतं, असं तो म्हणतो. मला त्याबद्दल तक्रार नाही. यंत्राला एवढं कळलं तर बरंच आहे. फक्त त्या टेबलाभोवती बसून दुसऱ्याचा आराखडा त्याच्याच तोंडून ऐकायचा, त्याला कुठे अडतंय ते चेहऱ्यावर बघायचं, हे आता होत नसावं. पंधरा वर्षं आप्पांची शिडी ऐकून मला ती वाचता येऊ लागली होती. न शिकताच. त्यांनाही माझी साखळी येत होती, कारण माझी चौकट चुकली की ते पेन्सिलने शेजारी लहानसा टॉवेल काढून ठेवत.

आई आप्पांच्या आधी गेल्या. आप्पा निवृत्तीनंतर वाडीतच राहिले. रोज सकाळी डेअरीत फेरी मारत, मग मला फोन करत. फोनमध्ये कामाचं काही नसे. गाईचं असे, नातवाचं असे, आणि मी काय वाचते आहे त्याची थट्टा असे.

ते गेले त्या सकाळी डेअरी बंद ठेवायची का, असं माणसं विचारायला आली. दादांनी नको म्हटलं. लोकांनी आधी दूध घातलं, मग कॅन तिथेच ठेवून सगळे घाटावर आले. मीही गेले होते. नचिकेत आला होता. त्याचे केस पांढरे झाले आहेत.

या दसऱ्याला दादांनी मला वाडीला बोलावलं. दसऱ्याला तिथे टाकीची पूजा असते आणि पहिला कॅन आप्पांच्या घरचा असतो. आईंनंतर तो मान आप्पांच्या बायकोचा, वहिनींचा. वहिनी मागे, दाराच्या आडोशाला उभ्या होत्या. कपाळ मोकळं होतं. धाकट्या सुनेने कॅन उचलला होता.

दादा आता काठी घेऊन चालतात. ते म्हणाले, "तिच्याकडं द्या."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "दादा, तिनं कसं? औंदा नगं."

"डेअरी कुनाची हाय?" दादा म्हणाले. "कुनाच्या शब्दावर घेतलीया? तिनंच वतायचं. औंदा बी आन् फुढं बी."

वहिनी पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सुनेने कॅन त्यांच्या हातात दिला. आम्ही दोघींनी टाकीच्या काठाकडे पाहिलं. दिवा तांबडा होता. कोणी घाई केली नाही, दादांनीही नाही.

दिवा हिरवा झाला. वहिनींनी दूध ओतलं. पंप लागला.

तिथला कॉम्प्युटर दोनदा बदलला आहे. पंप नवा आहे, नळी नवी आहे. सांधेपत्रक तेच आहे. लाल चेंडू माझ्याकडे आहे, टेबलावर. सकाळी फोन येत नाही. वाडीची डेअरी चालू आहे.